कमी दाबाच्या टर्बाइनचे पाते: भार पुढे घ्यावा की मागे, आणि भिंतीजवळ काय करावे

टर्बोफॅन (पुढे मोठा पंखा असलेल्या विमानाच्या जेट) इंजिनातील कमी दाबाच्या टर्बाइनसाठी, म्हणजे तो पंखा फिरवणाऱ्या मागच्या टर्बाइनसाठी, पात्याचा छेद (आडव्या कापाचा आकार) ठरवताना पहिला विचार वजनाचा होतो, कारण प्रत्येक पाते अधिक भार (वायू वळवताना त्याच्या दोन बाजूंत पडणारा दाबाचा फरक) घेऊ लागले की पात्यांची संख्या कमी करता येते. हा जादा भार पात्याच्या पुढच्या भागावर घ्यायचा की मागच्या, हे मात्र केवळ पात्याच्या लांबीच्या मध्यावरचे आकडे पाहून ठरवणे मला धोक्याचे वाटते.

मध्यावरचा निकाल सरळ आहे. उंचावरच्या विरळ हवेत रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाच्या जडत्वाचे त्याच्या चिकटपणाशी असलेले प्रमाण) बराच खाली येतो. लहान इंजिनांत तो २५,००० पर्यंतही उतरू शकतो. अशा वेळी मागे भार घेणाऱ्या पात्यावर वाढत्या दाबाचा चढ थोड्या अंतरात संपवावा लागतो आणि सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा संथ वायूचा पातळ थर, पृष्ठभाग सोडतो. पुढे भार घेतल्यास तोच चढ लांबवर पसरतो आणि प्रवाह चिकटून राहतो. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील ‘एल२एफ’ हा छेद याचे चांगले उदाहरण आहे. जुन्या ‘पॅक-बी’ छेदाचा झ्वाइफेल गुणांक (पात्यावरचा भार मोजणारा आकडा) १.१५ आहे, तर त्याच प्रवाहकोनांसाठी आखलेल्या एल२एफचा १.५९, म्हणजे भार सुमारे ३८ टक्के अधिक.

पात्याची टोके प्रवाहमार्गाच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींना जिथे मिळतात, तिथे, म्हणजे भिंतीजवळ, हे चित्र पालटते. भिंतीलगतचा वायू संथ असतो, पण दोन पात्यांमधला दाबाचा फरक मुख्य प्रवाहाच्या वळणाने ठरतो. संथ वायूला तो पेलवत नाही, म्हणून तो एका पात्याच्या अंतर्गोल बाजूकडून शेजारच्या पात्याच्या बहिर्गोल बाजूकडे आडवा सरकतो. पात्याच्या पुढच्या कडेशी तयार झालेल्या नालाकृती भोवऱ्याची एक शाखा त्याला मिळते, आणि त्यातून बनलेला मोठा भोवरा बहिर्गोल बाजूवर चढून भिंतीपासून दूर जातो. पुढे भार असलेल्या पात्यांत ही आडवी ओढ लवकर सुरू होते आणि भोवऱ्याला वाढायला अधिक अंतर मिळते. तरीही सगळा दोष भाराच्या जागेवर टाकणे बरोबर नाही, कारण एल२एफसारख्या छेदाचा स्टॅगर कोन (इंजिनाच्या अक्षाशी पात्याचा तिरकेपणा) कमी असतो आणि भिंतीजवळची हानी (वायूच्या एकूण दाबाची घट) वाढण्याचे तेही एक मोठे कारण आहे.

त्यामुळे मध्यावर एल२एफसारखा छेद ठेवून फक्त भिंतीजवळ स्टॅगर कोन वाढवायचा आणि दोन्ही आकार सलग मिसळायचे, हा उपाय मला सर्वांत पटतो. त्याच प्रयोगशाळेच्या कॅस्केड चाचण्यांत (स्थिर पात्यांच्या रांगेवर वारा सोडून केलेल्या) अशा बदलाने भिंतीजवळची हानी घटलेली दिसली आहे.

दुसरा मार्ग भिंतीलाच उंचसखल आकार देण्याचा. अंतर्गोल बाजूजवळ उंचवटा दिला की तिथला वेग वाढून दाब उतरतो, बहिर्गोल बाजूजवळ खोलगटपणा दिला की दाब चढतो आणि आडवी ओढ मंदावते. रोल्स-रॉइसने ट्रेंट ५०० इंजिनाच्या उच्च दाबाच्या टर्बाइनसाठी ही पद्धत तपासली, तेव्हा कार्यक्षमता सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढली. मात्र असा आकार ठरावीक प्रवाहकोन आणि सीमास्तर गृहीत धरून आखलेला असतो, आणि इंजिनातील फटींतून येणारी गळती व आधीच्या रांगेतील पात्यांचे मागोवे (पात्यांमागे उरणारे संथ प्रवाहाचे पट्टे) ती गृहीतके बिघडवू शकतात. पुढच्या कडेच्या मुळाशी, पाते भिंतीला मिळते तिथे, दिलेला गोलसर भराव स्वस्त पडतो, पण तो प्रामुख्याने नालाकृती भोवऱ्यावर काम करतो, आडव्या ओढीवर त्याचा परिणाम मर्यादित राहतो.

शेवटच्या टप्प्यांतील लांब पात्यांत भिंतीचा वाटा कमी असतो, म्हणून तिथे पुढे भार घेण्याचा लाभ बऱ्याचदा कोणत्याही दुरुस्तीविना टिकतो. पहिल्या टप्प्यांतील आखूड पात्यांसाठी भिंतीजवळची दुरुस्ती आराखड्यात नसेल, तर मी मागच्या भागावर किंवा पुढच्या-मागच्या कडांच्या मधोमध भार घेणारा, थोडा कमी भाराचा छेद निवडेन. दोन पर्यायांचे आकडे समोर ठेवताना संपूर्ण लांबीवर सरासरी काढलेली एकूण दाबाची हानीच मागावी आणि प्रवेशावरच्या सीमास्तराची हानी दोन्हींकडून सारख्याच रीतीने वजा केली आहे ना, हे तपासावे. भोवऱ्याची ऊर्जा कमी झाली एवढ्यावरून हानी तितकीच घटली असे धरता येत नाही.