भाड्याची ई-स्कूटर : सेवा चोख, विम्याची बाजू लंगडी

मेट्रो स्थानकापासून कार्यालयापर्यंतचे अडीच किलोमीटर गेले आठ महिने मी एका भाडे-सेवेच्या कमी वेगाच्या ई-स्कूटरने जातो. क्यूआर कोड स्कॅन केला की कुलूप उघडते, बॅटरी बहुतेक वेळा पुरेशी भरलेली असते आणि भाडे रिक्षापेक्षा कमी पडते, त्यामुळे रोजच्या वापराला ही सेवा मी निःसंकोच चांगली म्हणेन. विम्याची बाजू मात्र पावसाळ्यात कळली. वळणावरच्या खडीवरून चाक घसरले, उजवे मनगट मोडले आणि प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मी ॲपमधील अटी प्रथमच शेवटपर्यंत वाचल्या. स्कूटरचे नुकसान झाल्यास चालकाकडून किती रक्कम वसूल होईल हे तिथे तपशीलवार होते. चालकाच्या औषधोपचाराबद्दल एक ओळही नव्हती.

याचे मूळ नियमांत आहे. ज्या बॅटरी-वाहनाच्या मोटरची क्षमता ०.२५ किलोवॅटपेक्षा आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ते केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन धरले जात नाही. म्हणून त्याला नोंदणी व लायसन्स लागत नाही आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ खालील थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे अपघातात इजा झालेल्या त्रयस्थाला भरपाई देणाऱ्या विम्याची, सक्तीही नाही. त्या दिवशी वळणावर कुणी पादचारी असता, तर त्याची भरपाई माझ्याच खिशातून गेली असती, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

वेगवान भाड्याच्या गाड्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या दुचाकींना थर्ड पार्टी विमा असतो, परंतु १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असते, भाड्याने नेणाऱ्यासाठी नव्हे. दुसऱ्याचे वाहन मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, तो थर्ड पार्टी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात म्हटले आहे.

विमा कंपन्यांना येथे काम करायला भरपूर वाव आहे. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना रुपयापेक्षा कमी पैशांत १० लाखांपर्यंतचा प्रवास विमा घेता येतो. ई-स्कूटरची फेरी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याची नोंद तर जीपीएसमुळे आपोआप होते, त्यामुळे फेरीपुरता विमा देणे आणि नंतर दावा तपासणे, दोन्ही सोपे आहे. त्यात चालकाची दुखापत आणि त्याच्यामुळे इतरांना झालेली इजा, या दोन्हींचा समावेश हवाच. २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत मृत्यू व अपंगत्वाची भरपाई मिळते, पण मोडलेल्या मनगटाचे बिल तिच्यातून भरले जात नाही.

सेवेला मी पाचपैकी तीन तारे देतो. फेरी सुरू करण्याच्या बटणाशेजारीच असा विमा निवडण्याची सोय द्यावी, अशी लेखी विनंती मी कंपनीकडे केली आहे.