आठ महिन्यांनंतरची सोलो स्ट्रिंग्ज लायब्ररी: सगळं अडतं ते ५८ ते ७० मध्ये

ही लायब्ररी म्हणजे एकेका तंतुवाद्याचे रेकॉर्ड केलेले सूर, जे कॉम्प्युटरवर लिहिलेलं संगीत वाजवतात. तिचं अपडेट टाकलं आणि लायसन्स उडालं. ते परत मिळायला नऊ दिवस आणि सहा ईमेल लागले. मायक्रोफोन किती, जागा किती लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

खरा दोष आवाजाच्या थरांत आहे. लांब सुरांना तीन थर आहेत, म्हणजे हळू ते जोरात अशी तीन वेगळी रेकॉर्डिंग. मॉड्युलेशन व्हील, म्हणजे सीसी १ (० ते १२७ पर्यंत जाणारा मिडी कंट्रोल), वर नेलं की खालचा थर विरतो आणि वरचा येतो. व्हायोलिनांचा ताफा असेल तर हे कानाला जाणवत नाही. चार वादकांच्या क्वार्टेटमध्ये पहिलं व्हायोलिन एकच असतं. व्हील ५८ ते ७० मध्ये असताना दोन वेगळी रेकॉर्डिंग एकदम वाजतात, दोन्हींचा कंप जुळत नाही आणि एका खुर्चीवर दोघं बसल्यासारखं ऐकू येतं.

मोत्सार्टच्या के. ३८७ (१७८२) या क्वार्टेटमधला मिन्युएट, म्हणजे नाचाच्या चालीचा भाग, लावून पाहा. तिथे क्रोमॅटिक (अर्ध्या अर्ध्या सुराने सरकणाऱ्या) ओळीत एक सूर हळू, पुढचा जोरात, अशा खुणा आहेत. सीसी १ ची तिरकी रेघ ओढली तर प्रत्येक ठोक्याला हा पट्टा ओलांडावा लागतो आणि सगळं गढूळ होतं. रेघ ओढूच नका, पायरी काढा: हळूला ४५, जोराला ८५, आणि बदल सूर सुरू होण्याच्या १० टिक आधी (९६० पीपीक्यू, म्हणजे एका क्वार्टर नोटचे ९६० टिक धरून). सुराच्या पोटातला चढउतार सीसी ११ ने (एक्सप्रेशन कंट्रोलने) करा, त्यात थर बदलत नाही. मोठा क्रेशेंडो (हळूहळू चढत जाणारा आवाज) असेल तर पट्टा गज उलटतो त्या जागी ओलांडा, सांधा झाकला जातो.

पहिले तीन महिने मी या लायब्ररीला पैसे वाया म्हणत होतो. ते मत आता मागे घेतो. हायडनच्या ओपस ७६ क्रमांक ३ या क्वार्टेटमधल्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या व्हेरिएशनमध्ये फक्त दोन व्हायोलिनं आहेत: दुसऱ्याकडे मूळ चाल, पहिल्याकडे भोवतीची बारीक नक्षी. ती चाल हिच्या लेगाटोत (जोडलेल्या सुरांत) इतकी सलग येते की म्यूजस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरच्या फुकटच्या म्यूज साउंड्सशी तुलनाच उरत नाही. मात्र लेगाटोचा सूर उशिरा उमटतो. माझ्याकडे ट्रॅक डिले उणे १८० मिलिसेकंद (म्हणजे ट्रॅक तेवढा आधी वाजेल असा) ठेवल्यावर तो तालात बसला, तुटक सुरांना उणे ६० पुरले. म्हणून लांब आणि तुटक सुरांचे ट्रॅक वेगळे ठेवा. एकाच ट्रॅकवर कीस्विचने (वादनाचा प्रकार बदलणाऱ्या कळीने) बदलत गेलात तर एक ना एक प्रकार मागेपुढे होणारच. ‘ह्यूमनाइझ’ला, म्हणजे सूर आपोआप थोडे मागेपुढे करणाऱ्या सोयीला, हात लावू नका. वादक यदृच्छेने चुकत नाहीत, ते ओळीच्या शेवटी एकत्र थांबतात. ते टेम्पो ट्रॅकवर हाताने काढायचं काम आहे.

सुरांचं जुळणं पेटीसारखं समान अंतराचं आहे. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला शेवटच्या मेजर कॉर्डमधला गंधार चढा लागतो, आणि ते खरंच आहे: शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट (सेमीटोनचे शंभर भाग धरून) खाली असतो. पिच बेंडची (सूर वरखाली सरकवणाऱ्या मिडी कंट्रोलची) मर्यादा दोन सेमीटोन असेल तर ज्या वाद्याकडे गंधार आहे त्याच्या चॅनेलवर उणे ५७३ (पूर्ण पल्ला ८१९२ धरून) द्या. एवढ्याने कॉर्ड स्थिर होतो. हे मात्र थांबण्याच्या जागीच करा, चालत्या ओळीत नको.

सोलापूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून प्रोसेसर मंदावतो आणि २५६ सॅम्पलच्या बफरवर (आवाज वाजण्याआधी साठवायच्या जागेवर) चरचर येते. ५१२ करा, लिहून झालेले ट्रॅक फ्रीझ करा (म्हणजे त्यांचा ऑडिओ बनवून ठेवा). पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमागाच्या खटखटीत हळू सूर ऐकूच येत नाहीत, मग सीसी ११ नको तितका वर जातो. बंद कपांचा हेडफोन घ्या आणि शेवटचं मिक्सिंग माग थांबल्यावर करा.

पूर्ण किमतीला घेऊ नका, सेल लागेपर्यंत थांबा. नुसती नोटेशन तपासायची असेल तर म्यूज साउंड्स पुरे. आणि अपडेट किंवा फॉरमॅट करण्याआधी लायसन्स त्या मशीनवरून काढून घ्या, नंतर ते काढायला जागाच सापडत नाही.