काचेवरची फिल्म : दुकान चांगले, प्रश्न पोलिसांचा

नाशिकमधील एका दुकानातून गाडीच्या काचांना फिकट सिरॅमिक फिल्म बसवून घेतली. उन्हाची धग स्पष्टपणे कमी झाली असून रात्री आरसे पाहताना अडचण येत नाही. काम नीटनेटके आहे, कडेला बुडबुडे नाहीत. मात्र या दुकानाची खरी जमेची बाजू म्हणजे कारागिराने फिल्म आणि काच मिळून किती प्रकाश आत येतो, हे मीटरने मोजून दाखवले. कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काच मुळातच थोडा प्रकाश अडवत असल्याने केवळ फिल्मवरचा आकडा पुरेसा ठरत नाही. गडद काळी फिल्म मागणाऱ्या ग्राहकाला त्याने माझ्यासमोर नकार दिला, हेही मला मोलाचे वाटले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा सवलतीची वाट केवळ झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी ठेवली होती. पोलिसांच्या वाहनांना सरसकट मोकळीक नव्हती. तरीही 'पोलीस' अशी पाटी लावलेल्या खासगी गाड्या काळ्या काचांनिशी फिरताना दिसतात, ही गोष्ट मला अतिशय खटकते. दंडाची पावती फाडणाऱ्याच्या गाडीची काचही त्याच मीटरने मोजली गेली पाहिजे. दुकानाची शिफारस मी निःसंकोच करतो; पावतीवर प्रकाशाची टक्केवारी मात्र आवर्जून लिहून घ्यावी.