एकच बॉल, दोन ड्रिलिंग : फेज टू काही महिने वापरल्यानंतर

कोल्हापूरहून आमचा चार-पाच जणांचा गट नीट ऑइल घातलेल्या लेनवर टेनपिन बोलिंग खेळायला पुण्याला जातो. अंतर सुमारे २३० किलोमीटर, गाडी एकच. त्यामुळे प्रत्येकाने दोन रिअ‍ॅक्टिव्ह बॉल (लेनला पकड घेऊन वळणारे) आणि स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेल्या पिनांसाठी, एक प्लास्टिकचा, एवढंच न्यायचं असं ठरलेलं आहे. या दोन बॉलमध्ये बहुतेक जण एक जोरात वळणारा आणि एक मवाळ ठेवतात. मी एकाच मॉडेलचे दोन घेतले आणि ड्रिलिंग वेगवेगळं करून घेतलं. ड्रिलिंगचा लेआउट, म्हणजे बोटांच्या भोकांची मांडणी, बदलल्याने नेमकं काय बदलतं हे मला बघायचं होतं, आणि कव्हर (बाहेरचं आवरण) वेगळं, कोअर (आतला गाभा) वेगळा असला की ते कधीच कळत नाही. उन्हाळ्यात बॉल हातात आले, मध्ये पावसाळा गेला, दिवाळी झाली. आता ठामपणे लिहावं इतकं खेळून झालं आहे.

बॉल स्टॉर्मचा फेज टू, १५ पौंडी. कव्हर सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह, नवा येतो तेव्हा ३००० ग्रिटचं फिनिश (आकडा लहान तितकं पृष्ठ खरखरीत). कोअर सिमेट्रिक, आरजी (वजन मध्यापासून किती दूर पसरलं आहे ते) २.४८, डिफरन्शियल (वेगवेगळ्या अक्षांवरच्या आरजीतला फरक) ०.०५१. यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या नियमानुसार डिफरन्शियल ०.०६० पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे हा भरपूर फ्लेअर (काय ते खाली सांगतो) देणाऱ्यांतला आहे. मी उजव्या हाताने खेळतो. माझा पीएपी, म्हणजे सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरत असतो त्या अक्षाचं टोक, पकडीच्या मध्यापासून ५¼ इंच उजवीकडे आणि ½ इंच वर आहे. पहिल्या बॉलवर पिन, म्हणजे कोअरचं टोक दाखवणारा बॉलवरचा ठिपका, पीएपीपासून ५ इंचांवर, पीएपीतून जाणाऱ्या उभ्या अक्षरेषेशी ३५ अंशांत. त्यामुळे ती अनामिकेच्या भोकाच्या वर, जराशी उजवीकडे येते. दुसऱ्यावर ४ इंच आणि ८० अंश, म्हणजे पिन अनामिकेच्या खाली उजवीकडे. पुढे यांना ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणतो.

हे आकडे ज्यांना नवे आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझं काम उद्यमनगरात मशीनशॉपमध्ये आहे. तिथे फ्लायव्हील बॅलन्स करताना जड बाजूला भोक पाडून काही ग्रॅम माल काढतात, की चाक डगमगायचं थांबतं. बॉलमध्ये हेच गणित उलट हेतूने वापरलं आहे. आतला कोअर मुद्दाम असा केलेला असतो की बॉलचा अक्ष फिरता फिरता सरकत जावा. अक्ष सरकला की दर फेरीला बॉलचा नवा, ऑइल न लागलेला पट्टा लेनला टेकतो. खेळून झाल्यावर बॉलवर ऑइलची जी कडी उमटलेली दिसतात त्यांचं पसरणं म्हणजे फ्लेअर.

बॉलचा घेर साधारण २७ इंच, त्याचा चौथा भाग ६¾ इंच. पिन थेट पीएपीवर असली किंवा ६¾ इंचांवर असली, तर अक्ष जिथल्या तिथे राहतो आणि फ्लेअर जवळजवळ होत नाही. बरोबर मध्ये, ३⅜ इंचांवर, तो सर्वाधिक. लेआउटमधला अंतराचा आकडा फ्लेअर किती हे सांगतो. उभ्या अक्षरेषेशी होणारा कोन वळणाचा आकार ठरवतो : कोन लहान असेल तर बॉल लांब जाऊन झटक्यात वळतो, मोठा असेल तर लवकर रोल पकडून गोलाकार येतो. मो पिनेल यांनी रुजवलेल्या ड्युअल अँगल पद्धतीचा हा गाभा आहे.

आता लेनवर काय घडलं ते.

साध्या हाउस पॅटर्नवर, म्हणजे सुमारे ४० फूट ऑइल, मधल्या बोर्डांवर (लेनच्या उभ्या पट्ट्यांवर) भरपूर आणि कडेला कमी, फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करायचे हा ढोबळ नियम लावला की बॉल उजव्या कडेपासून नवव्या बोर्डाच्या आसपास वळायला हवा. वरचा बॉल तिथपर्यंत शांत सरकतो आणि मग एकदम आत येतो. पॉकेटला, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनांमधल्या फटीत, शिरण्याचा कोन ६ अंशांच्या जवळ असेल तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात चांगली असते, आणि माझ्यासारख्या मध्यम रेव्हच्या, म्हणजे बॉलला मध्यम फिरकी देणाऱ्या, माणसाला तो कोन मिळवून द्यायला या ‘वरच्या’ने खूप मदत केली. ताज्या ऑइलवर खालचाही पॉकेटला येतो, किंबहुना जास्त वेळा येतो, पण पसरट येतो. आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा मागे उभा राहून म्हणाला, “काका, पॉकेटला येतोय बघा, खरं दहाची पिन पडंना झालीया.” अगदी तेच होत होतं.

दोन-तीन गेम झाले आणि पाचही जण रिअ‍ॅक्टिव्हने खेळत असले की लेनच्या पुढच्या भागातलं ऑइल उडतं. या टप्प्यावर खेळाडूंमध्ये जो समज आहे तो मला पटेनासा झाला आहे. लेन कोरडी झाली की पिन खाली असलेला बॉल काढा, तो मवाळ आहे, असं सर्रास सांगितलं जातं. माझा खालचा बॉल अशा लेनवर निम्म्या वाटेतच रोल पकडायचा आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याची ताकद संपलेली असायची. वळण मवाळ असणं आणि वळायला उशीर लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळलेल्या लेनवर दुसरी लागते. मी उभं राहण्याची जागा तीन-चार बोर्ड डावीकडे नेली, नेम थोडा आत घेतला आणि वरचाच बॉल चालू ठेवला. तो पुढच्या कोरड्या भागातून निसटून जायचा आणि मागे अजून जोर शिल्लक ठेवायचा.

मग खालचा बॉल कशाला हवा? त्याची जागा वेगळी आहे. मॉलमधल्या करमणुकीच्या लेनवर रोज ऑइलचं मशीन फिरवतातच असं नाही, आणि दिवसभर लोक हाउसचे प्लास्टिकचे बॉल टाकत राहतात. त्या बॉलना फ्लेअर नसतो. ते ऑइल शोषत नाहीत, ओढत पुढे नेतात. मधला भाग चिकट ओला, कडेचे बोर्ड खडखडीत कोरडे अशी अवस्था होते. तिथे वरचा बॉल एक बोर्ड बाहेर गेला तर नाकावर, म्हणजे थेट पहिल्या पिनवर, येतो आणि एक बोर्ड आत राहिला तर वळतच नाही. खालचा या दोन्ही चुका गिळून पॉकेटच्या आसपास राहतो. अशा लेनवर मी आता विचारसुद्धा करत नाही, पहिली फेक त्याचीच.

लांब स्पोर्ट (स्पर्धेच्या) पॅटर्नवर, ४४ फुटांच्या वर आणि मध्य-कडेच्या ऑइलचं प्रमाण ३ : १ च्या आत, माझ्या अपेक्षेला धक्का बसला. दोन्ही बॉल जवळपास सारखेच निघाले, दोन्ही सरकत राहिले. मग १००० च्या अ‍ॅब्रालॉन पॅडने दोघांचं पृष्ठ खरखरीत केलं आणि पाच मिनिटांच्या त्या कामाने जे साधलं ते लेआउटमधल्या ४५ अंशांच्या फरकाने साधलं नव्हतं. यूएसबीसीने केलेल्या बॉल मोशनच्या अभ्यासातही पृष्ठाचा खडबडीतपणा सर्वांत प्रभावी घटकांत निघाला होता. हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या दोन सारख्या बॉलवर बघितल्यावर त्याचं वजन कळलं. १००० वर खालचा बॉल मला लांब पॅटर्नवर फार आवडला : लवकर वाचतो, फसवत नाही.

छोट्या पॅटर्नवर, ३५ फुटांच्या आसपास, दोघांचंही काम नाही. बॉल चौथ्या बोर्डापर्यंत बाहेर न्यावा लागतो आणि मागच्या कोरड्या भागात रिअ‍ॅक्टिव्ह फार उडतो. मित्राचा युरेथेनचा, कमी उडणारा बॉल मागून घेतला, विषय संपला.

म्हणून माझा क्रम असा झाला आहे : आधी लेन बघून पृष्ठ ठरवायचं, मग वळणाचा आकार हवा तसा लेआउट. वरच्या बॉलवर सध्या ३०००, खालच्यावर २०००. हाउस पॅटर्नवर ही जोडी एकमेकांच्या कामात आडवी येत नाही. उलट केलं, म्हणजे खालच्याला पॉलिश आणि वरच्याला १००० दिलं, तर दोघांचे स्वभाव एकमेकांकडे सरकतात आणि दोन बॉल नेण्याचा उपयोगच राहत नाही.

ड्रिल करून घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. आपला पीएपी मोजून घेतल्याशिवाय ड्रिलरला “पिन वर ठेवा” एवढंच सांगू नका. पीएपी ४ इंचांवर असलेल्या माणसाला आणि ५½ इंचांवर असलेल्याला तीच पिन तिथेच ठेवली तर दोन वेगळे लेआउट होतात. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने बॅलन्स होल बंद केलं, त्यामुळे फ्लेअर नंतर जास्तीचं भोक पाडून कमी-जास्त करण्याची सोय उरलेली नाही. भोकं बुजवून पुन्हा ड्रिल करता येतं, पण त्यात पैसा जातो आणि इकडून बेंगळुरूला किंवा पुण्याला बॉल पाठवण्यात आठवडे जातात. ड्रिलर हातात असताना अर्धा तास जास्त मागून घ्या. ऑइलच्या पहिल्या कड्यावरून तो पीएपी काढून देतो.

आपल्याकडच्या हवेचंही थोडं. जुलै-ऑगस्टमध्ये अंगठा घामाने फुगतो, भोक घट्ट लागतं, हात उशिरा सुटतो आणि बॉलची दिशा बदलते. त्या दिवसांत लेआउटबद्दल कुठलंही मत बनवू नये. अंगठ्याच्या भोकात पट्टी कमी-जास्त करायची सवय लागली की हे सुटतं. एप्रिल-मेमध्ये बॉल बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने कव्हर तडकू शकतं. प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबरने ऑइल पुसलंच पाहिजे, नाहीतर दोन्ही बॉल हळूहळू सारखेच मंद होतात.

वर जे लिहिलं ते सिमेट्रिक कोअरचं आहे. असिमेट्रिक बॉलमध्ये मास बायसची, म्हणजे कोअरच्या जड बाजूची, खूण असते आणि तिथे ड्युअल अँगलमधला पहिला आकडा, ड्रिलिंग अँगल, खरा बोलू लागतो : तो लहान ठेवला तर बॉल लवकर रोल पकडतो, मोठा ठेवला तर लांब सरकतो. तसा बॉल घेत असाल तर माझे ३५ आणि ८० अंश उचलून ड्रिलरला देऊ नका. तुमचा पीएपी, तुमचा वेग आणि तुम्ही जास्त करून कुठल्या लेनवर खेळता, हे तिन्ही त्याला सांगा आणि आकडे त्याच्यासोबत बसून काढा.