कॅनन आरपी की निकॉन झेड ५?

फुल-फ्रेम कॅमेरा (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा मोठा असतो) हवा, पण बजेट बेताचं, असं म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: २०१९चा कॅनन ईओएस आरपी आणि २०२०चा निकॉन झेड ५.

आरपीचं वजन बॅटरी-कार्डासकट अवघं ४८५ ग्रॅम. दिवसभर गळ्यात असला तरी मान भरून येत नाही. स्क्रीन बाजूला उघडून पूर्ण फिरते, त्यामुळे जमिनीलगतचं फूल उभ्या चौकटीत टिपायला मातीत आडवं पडावं लागत नाही. ६७५ ग्रॅमच्या झेड ५ची स्क्रीन फक्त वर-खाली कलते.

उजेड उतरला की मात्र पारडं फिरतं. झेड ५मध्ये हाताचा कंप सावरायला सेन्सरच हलतो. आरपीत ती सोय नाही, सगळी भिस्त लेन्सवर. त्याहून मोठा फरक रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, दिसतो. सूर्यास्ताच्या फोटोतली काळी पडलेली झाडं उजळायला जा, आरपीत सावल्यांमध्ये लगेच रवाळ नॉइज (दाणेदार ठिपके) उठतो. झेड ५ची फाइल तेवढी ओढाताण सहज सोसते. निसर्गचित्रं हाच जीव की प्राण असेल, तर मी आरपी सुचवणार नाही.

बॅटरीतही तेच: अधिकृत चाचणीनुसार एका चार्जमध्ये आरपी सुमारे २५० फोटो, झेड ५ सुमारे ४७०. शिवाय झेड ५ला कार्डाचे दोन स्लॉट, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर प्रत राहू शकते. लग्नासारखा पुन्हा न येणारा प्रसंग टिपताना ही केवढी निश्चिंती!

फोर-के व्हिडिओत दोघेही चौकट बरीच कापतात, म्हणजे दृश्याच्या कडा बाहेर राहतात. आणि सेकंदाला जेमतेम साडेचार-पाच फोटो, म्हणजे उडत्या पक्ष्यांसाठी दोन्ही तोकडेच.