अंडी खाणारी कोंबडी: शिंपल्या, लाकडी लिंबू, उतरता खोका की सरळ वडे?

आमच्या 23 कोंबड्या. कुडाळच्या जवळ गाव, मागच्या पडवीला लागून खुराडं, सकाळी साडेदहापर्यंत आत आणि मग दिवसभर परड्यात मोकळ्या. मागच्या एप्रिलात रोजची 14 अंडी 8-9 वर आली तेव्हा मी आठ-दहा दिवस उन्हालाच शिव्या देत होते, मग एके सकाळी नेहमीपेक्षा लवकर दार उघडलं तर आमची गिरिराज (त्या जातीची एक कोंबडी) अंडी घालायच्या खोक्यात उभी राहून चक्क नाश्ता करत होती, चोचीपासून गळ्यापर्यंत पिवळी, आणि बाजूला दोघीजणी नंबर लावून. तोपर्यंत पाच जणींना चटक लागलेली होती, हे नंतर कळलं.

तर जे जे उपाय लोक सांगतात ते मी जवळपास सगळे करून बघितले, तुमच्याकडेही हीच कटकट चालू असेल आणि पैसे कशावर घालायचे ठरत नसेल तर वाचा.

पहिलं म्हणजे चोर घरातलाच आहे ना ते बघा. अंडं अख्खं गायब, पेंढा कोरडा, डाग नाही, तर साप वगैरे आलाय, तो गिळून जातो, मागे काही ठेवत नाही. कोंबडी खाते तेव्हा पेंढा ओला होतो, दोन-चार टरफलं राहतात नाहीतर तीही खाऊन टाकते, आणि तासाभरात मुंग्या. कोण खातंय ते शोधायला सकाळी दहाच्या सुमारास एकेक उचलून चोच आणि मानेखालची पिसं बघायची, बलक सुकला की पिसं गोंद लावल्यासारखी कडक होतात. मी सापडलेल्या पाचजणींच्या पायाला लाल लोकर बांधली.

आता एक गोष्ट डोक्यात ठेवा म्हणजे पुढची तुलना सोपी जाईल. कोंबडी काही एके दिवशी ठरवून अंडं फोडत नाही, अंडं आधी आपसूक फुटतं, पातळ कवचाचं असतं किंवा एका खोक्यात चारजणी घुसून तुडवतात, मग ती चाखते, आवडतं, आणि मग फोडायला शिकते. म्हणजे प्रश्न दोन. अंडं फुटायचं थांबतं का, आणि चटक लागलेलीच्या चोचीखाली अंडं यायचं थांबतं का. शिंपल्यांनी पहिलं होतं, उतरत्या खोक्याने दुसरं, लाकडी अंडं मधेच कुठेतरी. मिरचीने दोन्ही नाही.

शिंपल्या आणि खाणं

हा सगळ्यात स्वस्त, आणि हा न करता बाकी काहीही केलंत तर वाया. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि ते कवच चढायला वीसेक तास लागतात, त्यातलं बरंच काम रात्री, कोंबडी झोपलेली असताना. आमच्याकडे तर वर्षानुवर्षं कण्या आणि उरलेला भात. तांदळात प्रोटीन 7-8 टक्के आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, उलट अंड्यावरच्या कोंबडीला प्रोटीन 16-17 टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के लागतं, लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, ते असतं. बऱ्याच जणांकडे वाढत्या पिल्लांचं खाद्यच पुढे चालू ठेवतात, त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे कोंबडी अंडी घालायला लागली तरी ताटात पिल्लाचंच जेवण.

तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या आम्ही टाकूनच द्यायचो. आता कालवण झालं की शिंपल्या दोन पाण्यात धुवायच्या, मीठ-मसाला राहता कामा नये, दोन दिवस उन्हात, मग गोणपाटात गुंडाळून पाट्याच्या वरवंट्याने ठेचायच्या, ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे तुकडे. पूड नका करू. मोठा तुकडा पेट्यात (कलेजी-पेट्यातला तोच पेटा) रात्रभर हळूहळू विरघळत राहतो, अगदी त्याच वेळी कवच बनत असतं, पूड मात्र पटकन निघून जाते. आणि खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा, जिला पाहिजे ती खाते, कोंबड्यांना कळतं. समुद्रापासून लांब असाल तर शिंपल्यांचा चुरा दुकानात किलोवर मिळतो. अंड्याची टरफलंही चालतील पण भाजून, बारीक करून, अर्धी कवटी तशीच पुढ्यात टाकलीत तर आपणच धडे दिल्यासारखं.

एप्रिल-मेचं वेगळं. उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचच पातळ होतं, शिवाय खातेही कमी. तेव्हा शिंपल्या कितीही ठेवा, सावली आणि पाणी हवंच. एका कोंबडीला दिवसाला 200-250 मिली पाणी, मे महिन्यात जवळजवळ दुप्पट धरा. आमचं एकच भांडं होतं आणि ते अकरा वाजता उन्हात यायचं. आता दोन आहेत, फणसाखाली.

तीन आठवड्यांत कवचं हाताला घट्ट लागायला लागली. पण त्या पाच जणी? खातच होत्या. कवच घट्ट झालं म्हणून त्यांनी जरा जास्त जोरात चोच मारली, इतकंच.

खोटी अंडी

लोक टेबल टेनिसचा बॉल ठेवतात, तो फारच हलका, चोच मारली की पळतो आणि त्यांना खेळच वाटतो. कोणी रिकाम्या टरफलात पीओपी भरतं. मी सावंतवाडीला चितारआळीत गेले होते, तिथे ती लाकडी फळं असतात ना, त्यातली आठ लिंबं घेतली, घरी येऊन सँडपेपरने रंग पूर्ण घासून काढला (रंग पोटात नको) आणि प्रत्येक खोक्यात दोन-दोन ठेवली. आकार जरा गोल, पण कोंबडी एवढं बघत नाही. पहिल्या दिवशी टकटक इतकी की पडवीत ऐकू येत होतं. मग कमी. साधारण दहा दिवसांत लाल लोकरवाल्यांपैकी तिघींनी नाद सोडला.

म्हणजे नवशिक्या असतील तर हे काम करतं, पण एका अटीवर, खरी अंडी तिच्याआधी तुम्ही उचलायची. कोंबड्या बहुतेक सकाळी घालतात, त्यामुळे साडेसात, नऊ, साडेदहा असे तीन फेरे. नोकरीला जाणाऱ्याला हे जमणार नाही, सरळ सांगते. आणि दुसरी गोम अशी की खोक्यात अंडी साठलेली दिसली की गावठी कोंबडी खुडूक व्हायला, म्हणजे अंडी घालायचं सोडून उबवायला बसायला बघते, माझ्या दोघी लाकडी लिंबांवर बसून राहिल्या, अंडी बंद. ज्यांना रवणीला (अंडी उबवायला) बसवायचीच आहे त्यांचं बरंच झालं म्हणा.

मिरची

सासूबाईंनी एका टरफलात लवंगी मिरचीचा ठेचा भरून चिकटपट्टी लावून ठेवलं. गिरिराजने ते चाटूनपुसून खाल्लं आणि आणखी आहे का बघत उभी. मिरचीतला जो तिखट पदार्थ आपली जीभ जाळतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही, रानात मिरचीचं बी पक्षीच पसरवतात ते उगाच नाही. मोहरी वाटून भरलेलंही करून बघितलं, एकीने अर्धं टाकलं, दुसरीने संपवलं. रोज सकाळी कोण भरत बसणार? सोडा.

उतरता खोका

खोक्याचा तळ मागच्या बाजूला उतरता, अंडं घातलं की घरंगळत फळीखालून पलीकडच्या पन्हळीत, कोंबडी वळून बघते तर खाली काही नाही. गावातल्या फॅब्रिकेटरकडून चार खणांचा करून घेतला, 2800 रुपये, चार-पाच कोंबड्यांना एक खण धरतात त्या हिशोबाने मला एक कमीच पडतो. पहिला खोका चुकला. उतार इतका दिला की अंडी जाऊन एकमेकांवर आपटून तडकायची, म्हणजे रोग बरा करायला रोगच. आता 12 इंचाला दीड इंच उतार आहे, खाली खोटं हिरवं गवत असतं त्याची चटई, आणि पन्हळीत जुनी सतरंजी. मधली फट सव्वादोन इंच, अंडं जातं, डोकं आत घालून पोचता येत नाही इतकी पन्हळ लांब. पेंढा टाकायचा मोह होतो, टाकू नका, अंडं तिथेच अडकतं.

पहिला आठवडा कोंबड्यांनी बहिष्कार घातला. लाकडांच्या माचीखाली, हळदीच्या वाफ्यात, एकीने तर स्कूटरच्या खाली. अकरापर्यंत खुराड्यात कोंडून ठेवलं आणि पुढून गोणपाटाचा पडदा लावून आत अंधार केला तेव्हा कुठे आत जायला लागल्या. पण त्यानंतर खाल्लेलं अंडं महिन्यात दोन-तीन, तीही जमिनीवर घातलेली. सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि दिवसातून एकदाच अंडी गोळा केली तरी चालतं. तोटा असा की यात कोंबडी पिल्लं काढूच शकत नाही, रवणीसाठी वेगळं डालगं हवंच.

चोच कापायचं मात्र नको. मोठ्या फार्मवर पिल्लं आठ-दहा दिवसांची असताना करतात ते वेगळं, मोठ्या कोंबडीच्या चोचीत जीव असतो, तिला दुखतं आणि नंतर दाणाही नीट उचलता येत नाही. फार तर टोक कानशीने किंचित बोथट करा. प्लास्टिकचे चष्मे मिळतात ज्यांनी समोरचं दिसत नाही, पण मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ते लावून मुंगसाच्या तोंडी देणार का?

मग कुणी काय करावं. पुण्यात गच्चीवर पाच-सहा कोंबड्या आणि घरात कुणीतरी असतं, तर शिंपल्या, लाकडी अंडी, दोन फेरे, खोक्याचा खर्च कशाला. पंधराच्या वर कोंबड्या, किंवा दोघंही कामाला जाता, तर थेट उतरता खोका, मधे वेळ घालवू नका, कारण एकीचं बघून दुसरी शिकते. गावठी ठेवून पिल्लंच काढायची असतील तर लाकडी अंडी, आणि खाणारी एकच सापडली असेल तर तिला बाजूला काढा. एक सराईत कोंबडी रोज दोन-तीन अंडी खाते, आमच्याकडे गावठी अंडं 15 रुपयांना जातं, महिन्याचे हजार होतात, आणि कोंबडी विकून पाचशे-सहाशे येतात, हिशोब तुमचा तुम्ही करा. फक्त अंड्याची कोंबडी म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, काय खोड आहे ते सांगून द्या.

सासूबाईंचं पहिल्या दिवसापासून एकच, "कापा तिका आणि वडे करा." गिरिराज अजून आहे. रोज सकाळी अंडं घालते, वळते, फटीत मान घालून पन्हळीकडे एका डोळ्याने बघत बसते, आणि आत सासूबाईंनी वड्यांचं पीठ दळून आणून ठेवलेलंच आहे.