शिह त्झूसाठी स्टीलचा कंगवा: घ्यावाच असा

शिह त्झू या छोट्या जातीच्या कुत्र्याचे केस दुपदरी आणि सतत वाढणारे. नुसता ब्रश फिरवला की वरून छान दिसतं, पण कातडीलगत गुंता तसाच राहतो, विशेषतः कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली. अर्धे दाते विरळ, अर्धे दाट असलेला हा कंगवा थेट मुळापर्यंत पोचतो. आधी थोडं पाणी फवारा, बट मुळाशी बोटांत धरा आणि टोकाकडून वर या. म्हणजे बिचाऱ्याला ओढ बसत नाही. आंघोळ गुंता सोडवल्यावरच, कारण भिजून सुकला की तो आणखी आवळतो. डोळ्यांखालची चिपडं कोमट पाण्याने मऊ करून दाट दात्यांनी काढा. उणीव एकच: मूठ नाही, ओल्या हातातून निसटतो. टोकं गोल आहेत ना, हे तळहातावर घासून बघूनच घ्या.